आमचा रविवार गुरुवारी यायचा

बुधवारी दिवेलागणीला बाबा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उंबऱ्यात बसायचे आणि मी नि माझा धाकटा भाऊ विनू आपापली पेनं त्यात आणून टाकायचो. पेनं, पेन्सिली, विनूच्या खिशातला खडूचा तुकडासुद्धा. बाबा झाकण दाबून बसवायचे, डबा फळीवर पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "शुक्रवारी सकाळी मिळतील." इथून आमचा शब्बाथ सुरू. साऱ्या ख्रिस्ती जगाचा विसाव्याचा वार रविवारी येतो. आमचा गुरुवारी यायचा, आणि त्याचं कारण दहा आज्ञा आणणारा मोशे नव्हता, विजेचा तुटवडा होता.

तेव्हा आम्ही काळेवाडीत तात्यांच्या चाळीत राहायचो. तात्या म्हणजे घरमालक, गावचे जुने शेतकरी. सहा खोल्या, पुढे सगळ्यांना मिळून एक फाटक, मागे तात्यांचं वांग्याचं वावर. बाबा नगर जिल्ह्यातलं गाव सोडून पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागलेले. वीज सगळ्यांना एकदम पुरत नाही म्हणून सरकारनं निरनिराळ्या भागांतल्या कारखान्यांना निरनिराळे सुट्टीचे वार वाटून दिले होते, त्यात आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. रविवारी पहाटे भोंगा वाजायचा आणि बाबा सायकलला डबा अडकवून कामावर जायचे. आई सांगायची की त्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ते रविवारी चोरासारखे मान खाली घालून घराबाहेर पडत. मग एका रविवारी मशीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. चूक माझीच, असं ते जन्मभर म्हणत राहिले, पण मशीनपुढची चूक त्यांच्या मनात नव्हतीच. शब्बाथ पाळण्याची चौथी आज्ञा मोडली त्याची ही पावती, असं त्यांनी धरलं होतं.

हाताला पट्टी बांधून महिनाभर घरी बसले तेव्हा त्यांनी दहा आज्ञांचं पान इतक्या वेळा वाचलं की त्याचा कोपरा झिजून गेला. आणि एके दिवशी त्यांना सापडलं. सहा दिवस काम करावं, सातवा दिवस देवाचा, एवढंच तिथं आहे. मोजायला कुठून सुरुवात करायची ते लिहिलेलं नाही. बाबांनी शुक्रवारपासून सुरुवात केली. नोकरी राहिली, आज्ञाही राहिली, आणि आमच्या घरावर गुरुवार बसला. माझ्या मॅट्रिकपर्यंत त्याला नऊ वर्षं होणार होती.

आता आज्ञा पाळायची म्हटल्यावर बाबा ती अर्धीमुर्धी पाळणाऱ्यांतले नव्हते. गुरुवारी चूल पेटायची नाही, स्टोव्हला काडी लागायची नाही. आई बुधवारी संध्याकाळी दुप्पट भाकरी थापायची, पिठल्याच्या वड्या पाडायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, आणि हे सगळं करताना तिच्या भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा यायचा. शब्बाथ पाळणाऱ्या पुरुषाच्या घरी आदल्या दिवशी बाईची कंबर मोडते, हे मोशेला कुणी सांगितलं नसावं. मी आज सत्तरी ओलांडली, अनेक चांगल्या चांगल्या प्रवचनकारांना ऐकलं, पण बुधवारच्या भाकरींबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

अडलं ते चहापाशी. सकाळी चहा नसला की बाबांचं डोकं धरायचं. शेजारच्या खोलीत कांबळे मावशी राहायच्या. त्या लातूरकडच्या, बौद्ध घरातल्या, नवरा बाबांच्याच कंपनीत. त्या म्हणाल्या, मी देते की चहा, त्यात काय एवढं. पण आज्ञेत असंही आहे की तुझ्या दारातल्या परक्यानंही त्या दिवशी काम करू नये. आणि फाटक तर चाळीला एकच. बाबा दोन गुरुवार चहाशिवाय कपाळाला फडकं बांधून विचार करत बसले. शेवटी निकाल लागला की फाटक तात्यांचं आहे, आपलं नाही, त्यामुळे मावशी आपल्या दारातल्या परक्या ठरत नाहीत. हा निकाल आईनं मावशींना मोठ्या संकोचानं सांगितला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "परकी मी कशी की? आधी मी ऱ्हायला आले. परके तुमीच." आणि कप पुढे केला. त्यांचं म्हणणं असं की आमचं आपलं बरंय, आमची पौर्णिमा चंद्र ठरवतो, कंपनी नाही.

शाळेचा प्रश्न बाबांनी अधिक खोलात जाऊन सोडवला. गुरुवारी शाळा तर असायचीच. शाळा बुडवणं त्यांना पटेना, कारण स्वतः चौथीनंतर शाळा सुटलेली त्यांच्या उरात सलत होती. मग त्यांनी शुभवर्तमानं चाळली. येशूनं शब्बाथ दिवशी सभास्थानात शिकवलं, लोकांनी ऐकलं. म्हणजे ऐकायला हरकत नाही. पण कुणी वहीत उतरवून घेतल्याचा कुठंही उल्लेख नाही. तेव्हा ऐकायचं, लिहायचं नाही. म्हणून तो बुधवारचा डबा. गणिताच्या सरांनी पहिले काही गुरुवार मला बाकावर उभं केलं. नंतर त्यांनाच त्याची सवय झाली. दत्ताचा वार, त्यात मी खाली मान घालून बसलेली, त्यामुळे त्यांची समजूत झाली की हा एखादा नवस असणार. फळ्याकडे वळता वळता ते म्हणायचे, हिला विचारू नका रे, हिचा पेनाचा उपास आहे. खरं सांगायचं तर त्या उपासानं माझं भलंच झालं. गुरुवारचं बीजगणित मी कानानं शिकले, ते अजून डोक्यात आहे. शुक्रवारचं वहीत होतं, वही रद्दीत गेली.

आई मात्र खरा रविवार पाळायची. पिंपरीत एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या वर्गात आमची उपासना भरायची. पाळकसाहेब पुण्याहून लोकलनं येत. पुरुषांच्या बाकांवर एक रिटायर झालेले स्टेशनमास्तर आणि दोन आजारी माणसं, बाकी सगळे कामावर. पाळकसाहेब मोकळ्या बाकांकडे बघून देवाच्या वाराचा मान राखण्याबद्दल कळकळीनं बोलायचे, आणि ज्यांना ते लागू होतं त्यांच्या बायका ते निमूट ऐकून घ्यायच्या. गुरुवारी एखादी उपासना घ्यावी असं स्टेशनमास्तरांनी एकदा सुचवलं होतं, पण पाळकसाहेब म्हणाले की प्रभूचा वार कारखानदाराच्या सोयीनं हलवता येत नाही. उपासनेहून आल्यावर आई मटणाचा रस्सा करायची. बाबा संध्याकाळी येऊन तो खायचे, पण प्रार्थना रोजच्या वाराची, छोटी. त्यांच्या लेखी तो सोमवारच्या जातीचा एक वार होता. एका घरात दोन शब्बाथ, एक आत्म्याचा आणि एक पोटाचा, आणि आम्ही मुलं कुठल्या वाराला जास्त मानत होतो ते सांगायची गरज नाही.

तात्या घरमालकांनाही गुरुवारचा सुगावा लागला होता. घरात चूल नाही, धनी अंघोळ करून पांढऱ्या सदऱ्यात बसलेला, खंजिरीवर भजनं चाललेली. त्यांनी फाटकातूनच विचारलं, "गुरुवार धरलाय व्हय तुमी? बेस केलं. दत्त म्हाराज पावत्याल." बाबांनी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर तात्या पुढे गेलेही होते. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तात्यांची सून आम्हाला दोन केळी आणून द्यायची, उपासाच्या माणसाला म्हणून. बाबांनी ती स्वतः कधी खाल्ली नाहीत आणि परतही केली नाहीत. शेजाऱ्यावर प्रीती करायची, तर त्याच्या केळ्यांचा अपमान करता येत नाही, आणि दत्ताच्या नावानं आलेली खाताही येत नाहीत. विनू आणि मी शास्त्राच्या या अडचणीतून बाबांना दर आठवड्याला सोडवत असू.

माझी मॅट्रिक आली ती या सगळ्यात. आमच्या दोन्हीकडच्या घरांत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिली. आईनं मिशनच्या दवाखान्यात जाऊन नर्सिंगची चौकशी करून ठेवली होती, सगळे विषय सुटले तर प्रवेश मिळणार होता. एकही राहिला तर नगरकडे मामांनी एक मुलगा बघून ठेवला होता, त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि तो बोलताना जोरजोरात श्वास घ्यायचा. मला काय हवं होतं ते मला लख्ख माहीत होतं. वेळापत्रक आलं. बीजगणिताचा पेपर गुरुवारी.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "गुरुवारी लिहायचं नाही." आवाज चढवला नाही, त्यामुळे भांडायलाही काही हाताला लागेना. आईनं मग शास्त्रालाच हात घातला. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशी तुम्ही तो काढणार नाही का, असं प्रभूनंच विचारलं आहे, ते तिनं त्यांना ऐकवलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, बैल अचानक पडतो. हा पेपर तीन आठवडे आधी छापून आलाय. विहीर दिसत असताना तिच्या काठावर बैल बांधायचा नसतो. आईनं कपाळाला हात लावला. पुढचे आठ दिवस ती त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, आणि मी तेवढंही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पाचव्या आज्ञेत बापाचा मान राखायला सांगितलं आहे, तर तो कुठल्या वारी राखायचा तेही तिथं लिहिलेलं नाही, असं मी मनाशी म्हणत होते. शेवटी लेक त्यांचीच. मी ठरवून टाकलं होतं की गुरुवारी शेजारी जाते म्हणून निघायचं आणि थेट केंद्रावर जायचं. कांबळे मावशींनी त्यांच्या मुलाचं पेन शाई भरून माझ्यासाठी आपल्या कणगीमागे ठेवलं होतं.

त्याआधी आईनं शेवटचा उपाय केला. तिनं पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांच्याही कानावर कुणीतरी घातलं होतंच की साळव्यांच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, गुरुवार करतात, केळी ठेवतात. ते पेपराच्या आदल्या गुरुवारी आले, बाबा घरी असतात म्हणून. चूल थंड, स्टोव्ह थंड, दारात पाळक आणि घरात त्यांना द्यायला पाण्याखेरीज काही नाही. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कांबळे मावशी न बोलावता चहा घेऊन आल्या, बशीत चार बटरही. पाळकसाहेबांनी चहा घेतला, केळ्यांकडे एकदा बघितलं आणि निवाडा द्यायला सुरुवात केली. जुन्या कराराचा शब्बाथ शनिवारी, प्रभूचा वार रविवार, आणि गुरुवार हा कुणाचाच नाही. तो इतर वारांसारखा वार आहे. तेव्हा मुलीनं खुशाल पेपर लिहावा.

मी दाराआड उभी होते. माझ्या तर मनात घंटा वाजायला लागल्या. मग बाबा बोलले. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला होता, तुटक्या बोटांवर उजव्या हाताचा अंगठा फिरत होता.

"म्हणजे पाळकसाहेब, नऊ वर्षांचे माझे रविवार पाप, आणि गुरुवार नुसते फुकट?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. देव कृपाळू आहे असं काहीसं म्हणाले, मग घड्याळ बघून लोकलची वेळ झाली म्हणाले. माझ्या बाजूनं निकाल लागला होता आणि मला बाबांकडे बघवत नव्हतं. माझा पेपर वाचवायचा तर त्यांचे सगळे गुरुवार बुडत होते. वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचाच मग फार राग आला. त्या दिवशी बाबांनी संध्याकाळची भजनं म्हटली नाहीत. खंजिरी खुंटीवरच राहिली.

शनिवारी ते कामावरून आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले की येत्या आठवड्यात माझी सुट्टी रविवारी आहे. आईला वाटलं कंपनीनंच वार बदलला. तसं नव्हतं. गुरुवारी कंपनी बंद असली तरी मेंटेनन्सची माणसं कामावर असत आणि त्यांना बदली सुट्टी दुसऱ्या वारी मिळे. बाबांनी त्या आठवड्यापुरतं त्यांच्यात नाव घालून घेतलं होतं. ते एवढंच म्हणाले, "या आठवड्यात सातवा दिवस रविवारी येतोय. गुरुवार कामाचा." आईनं मान हलवली आणि पीठ मळायला घेतलं. तिच्या भांड्यांचा आवाज त्या दिवशी अगदी हळू येत होता. पुढच्या बुधवारी दिवेलागण झाली तरी डबा फळीवरून खाली आला नाही. विनू सवयीनं पेन घेऊन उंबऱ्यात गेला आणि तसाच परत आला.

गुरुवारी सकाळी कंपनीचा भोंगा नव्हता, तरी बाबा खाकी कपडे घालून तयार होते. चूल पेटलेली होती. गुरुवारी सकाळी आमच्या घरात गरम भाकरीचा वास मला पहिल्यांदा आला, आणि मी दीड भाकरी खाल्ली. निघताना त्यांनी माझं पेन मागून घेतलं, टोपण काढून नीब बघितली, तळहातावर एक रेघ ओढली आणि परत दिलं.

"आज कामाचा वार आहे," ते म्हणाले. "काम कर."

मी काम केलं. कणगीमागचं पेनसुद्धा नेलं होतं, मावशींना वाईट वाटू नये म्हणून. पुढच्या रविवारी नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबा आमच्याबरोबर उपासनेला आले, इस्त्रीच्या सदऱ्यात, पुरुषांच्या मोकळ्या बाकावर. पाळकसाहेबांनी त्यांना दारातून येताना बघितलं आणि तिथल्या तिथं प्रवचन बदललं असावं, कारण ते हरवलेल्या मेंढरावर बोलले, आणि बायका वळून वळून आमच्या मेंढराकडे बघायला लागल्या. मेंढरू दुसऱ्या भजनालाच झोपलं होतं. घोरत होतं. आईनं विनूला पाठवून हलवून जागं केलं. मला शरम वाटली. पुढच्या बुधवारी पुन्हा डबा खाली आला, गुरुवारी केळी आली.

मी पास झाले. बीजगणितात एकोणपन्नास, फार मोठा पराक्रम नाही, पण सगळे विषय सुटले. पेढे द्यायला मी कांबळे मावशींकडे गेले तेव्हा त्यांचे यजमान, आमचे काका, घरी होते. त्यांनी सांगितलं की मेंटेनन्समध्ये त्या दिवशी मशीनखालचे तेलपाण्याचे खड्डे उपसायचं काम होतं, हेल्परसुद्धा टाळतात असलं. साहेब बाबांना म्हणाले, साळवे, तू टर्नर माणूस, बादली घेऊन खड्ड्यात उतरतोस, डोकं फिरलं का? तर बाबा म्हणाले, साहेब, मला या आठवड्यात रविवार पाहिजे. दिवसभर गुडघाभर त्या घाणीत उभे होते. मावशी म्हणाल्या, तू पेढा खा की, रडतीस काय.

नर्स झाल्यावर मला कुठलाच वार राहिला नाही. ड्युटीचा तक्ता लागायचा, सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, कधी दहा दिवस नाहीच. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. हे सगळं त्यांनी कधीच सोडवून ठेवलं होतं. होस्टेलवर त्यांचं पोस्टकार्ड यायचं, क्षेमकुशल दोन ओळी, आणि खाली हमखास एक प्रश्न, या आठवड्यात तुझा रविवार कधी? मी उत्तर लिहायचे, बुधवार. ते बुधवारी सकाळी घरी माझ्यासाठी प्रार्थना करायचे, असं आई सांगायची. बरोबरच्या मुली ते कार्ड वाचून हसायच्या. मीही हसायचे, आणि उत्तर पाठवायचे.

पुढे काही वर्षांनी बाबांना छातीच्या दुखण्यानं आमच्याच दवाखान्यात ठेवलं. माझ्याच वॉर्डात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताप बघायला त्यांच्या खाटेशी गेले. अंगावर पांढरा गणवेश, डोक्याला टोपी, खिशाला पेन, हातात तापाचा तक्ता. त्यांना ग्लानी होती. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "तुझा रविवार कधी?"

माझी सुट्टी आणखी चार दिवसांनी होती. म्हटलं, "आजच आहे, बाबा." चौथ्या आज्ञेसाठी नववी, खोटं न बोलण्याची, मोडली, ती अशी.

त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला, अडीच बोटांचा आणि अंगठ्याचा, बुधवारी दिवेलागणीला डबा पुढे करायचे तसा. मी पेन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उशीखाली सरकवलं आणि डोळे मिटले. त्या दुपारचा त्यांच्या तापाचा रकाना मी भरला नाही. दुसरं पेन मागून घेता आलं असतं, बाजूच्या टेबलावर तीन पडली होती. मेट्रननं संध्याकाळी तक्ता बघून मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की रकाना कोरा का. बाईंना काय सांगणार होते? चुकलं म्हटलं, आणि बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ड्युटीवर आले तर बाबा उठून बसले होते. ताप उतरला होता. तोंडही धुतलं नव्हतं. त्यांनी उशीखालून पेन काढलं, टोपण काढून तळहातावर रेघ ओढून बघितली आणि मला परत दिलं.